काजळीची कातडी

कोयत्याला 'पाणी देतात' हे मला टर्नर होण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. घाटकोपरला भटवाडीत आमचं घर. मे महिन्याच्या शेवटी छपरांवर ताडपत्र्या चढू लागल्या की रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरायचं. बाई घण घालायची, बाप्या सांडशीत कोयता धरून वळवत राहायचा, एक पोर भाता हलवायचं. लालबुंद कोयता पाण्याच्या डब्यात गेला की चर्र आवाज व्हायचा आणि आम्हा पोरांना वाटायचं, झालं काम. खरं काम पुढं असायचं. घिसाडी पात्याची एक कड विटेवर घासून पांढरी करायचा, कोयता पुन्हा निखाऱ्यांजवळ धरायचा आणि त्या पांढऱ्या पट्ट्याकडं टक लावून बसायचा. पट्ट्यावर आधी गवती पिवळा रंग यायचा, मग मधाचा, मग तपकिरी. जांभळा नुसता डोकावला की कोयता पुन्हा पाण्यात. माझी आई एकदा त्याला म्हणाली, "दादा, जरा जास्त पाणी दे, धार टिकू दे." तो म्हणाला, "जास्त दिलं तर तुटंल, माय. कमी दिलं तर वाकंल. रंग बघूनच द्यावं लागतं."

तो रंग म्हणजे पोलादावर चढलेला ऑक्साइडचा थर, जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. पोलाद आत किती तापलंय हे वरचा थर सांगतो, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. पुढं चाळीस वर्षं टूलरूममध्ये गेली, आणि त्यातली निम्मी तरी एकाच प्रश्नापायी: पोलादाला वरून कोणती कातडी चढवावी म्हणजे ते झिजणार नाही? आज कॅटलॉगमध्ये डीएलसी, टीए-सी, डायमंड अशी नावं ओळीनं छापलेली असतात आणि पुढं कडकपणाचे आकडे. नुसते आकडे बघून कोटिंग निवडणारी मुलं मला भेटतात. साकीनाक्याच्या आणि मुलुंडच्या गाळ्यांत हे आकडे कसे शिकले गेले, कशात नुकसान झालं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

आयटीआयमधून टर्नर होऊन मी १९७३ साली आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस लागलो. रस्त्याचं नाव लालबहादूर शास्त्री मार्ग झालं होतं, पण कामगारांच्या तोंडी आग्रा रोडच. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मुकंद, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडला होक्स्ट, डोंगराच्या पलीकडं पवईला लार्सन अँड टुब्रो, पश्चिमेला कांदिवलीला महिंद्र. अंधेरीचं सीप्झ हे निर्यातक्षेत्र त्याच वर्षी सुरू झालं. या मोठ्यांच्या सावलीत साकीनाका, खैरानी रोड, सफेद पूल, मरोळ इथं शेकडो गाळे उभे राहिले. मोठ्या कारखान्याला जे काम आत करणं परवडत नसे, ते गाळ्यात यायचं: एखादी डाय, दहा पंच, शंभर पिना. आणि प्रत्येक जॉब तयार झाला की कडक करायला दुसऱ्या गाळ्यात जायचा. त्या दुसऱ्या गाळ्याला सगळे 'हार्डनिंगवाला' म्हणत.

आमचे हार्डनिंगवाले काका खैरानी रोडला होते. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. त्याला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. काका काय करायचे, तर लोखंडी पेटीत लाकडी कोळशाची भरड आणि थोडं बेरियम कार्बोनेट घालायचे, त्यात जॉब पुरायचे, झाकण चिकणमातीनं लिंपायचे आणि पेटी नऊशे अंशांच्या वर आठ-दहा तास भट्टीत ठेवायचे. कोळशातला कार्बन वायुरूपानं पोलादाला भिडायचा आणि वरून आत झिरपत मिलिमीटरभर खोल जायचा. मग पेटी उघडून जॉब तेलात. वरून करवंटी, आतून खोबरं. दात घासून जाणार नाहीत आणि झटका बसला तरी गिअर तुटणार नाही. घाईचं काम असलं तर सायनाइडची भट्टी. पांढरं मीठ वितळून पाण्यासारखं व्हायचं, त्यात जॉब अर्धा-पाऊण तास टांगायचा. सायनाइडच्या रेणूत कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही असतात आणि दोन्ही पोलादात शिरतात. काकांची दोन फर्मानं होती. ओला जॉब भट्टीत गेला तर मीठ अंगावर उडेल, म्हणून आधी वाळवायचा. आणि सायनाइडचा डबा क्रोमवाल्याच्या आम्लाबरोबर एका टेम्पोत कधीच चढवायचा नाही, कारण दोन्ही सांडून एकत्र आली तर निघणारा वायू माणसाला उठू देत नाही.

तपासणीला यंत्र नव्हतं, कानस होती. काका जॉबच्या कोपऱ्यावर जुनी बारीक कानस टेकवून हलकीच पुढं ढकलायचे. कानस चावली तर जॉब परत भट्टीत. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पास. त्या घसरण्याचा एक आवाज असतो, कोरडा, किंचित चिवचिवणारा. माझ्या कानात तो अजून आहे.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला हार्ड क्रोमवाला होता, आणि त्याचा धंदा मुळातूनच वेगळा. काकांचा कार्बन पोलादात मुरायचा, लोणच्यात मीठ मुरतं तसा. मुरलेला थर सुटून येत नाही, कारण तो थर म्हणजे पोलादच. क्रोम मात्र भिंतीला चुना द्यावा तसा वरून बसतो. वीस, तीस, पन्नास मायक्रॉन चढवा. कडकपणा विकर्सच्या मापात नऊशे ते हजार. हार्डन केलेलं टूल स्टील सातशेच्या आसपास असतं, म्हणजे क्रोमनं चांगलीच भर पडायची. पण कोपऱ्यांवर तो जास्त चढायचा, खाचेत कमी, आणि भिंगाखाली पाहिलं तर सगळा थर उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलेला. आणि क्रोमच्या टाकीच्या वाफेनं माणसाचं काय व्हायचं, तेही लिहायला हवं. क्रोमिक आम्लाची फवार वर्षानुवर्षं नाकात गेली की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. मला हे वैद्यकाच्या पुस्तकातून कळलेलं नाही. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्या एकानं मला ते दाखवलं होतं. आपले पंच आरशासारखे चमकत परत यायचे, त्याच्या मागं हे होतं.

१९८४ साली मी सफेद पुलाजवळ स्वतःचा गाळा घेतला. दोन लेथ, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर, एक सरफेस ग्राइंडर. घाटकोपरहून बसनं साकीनाका, तिथून चालत. काम मिळालं ते औषधाच्या गोळ्यांच्या पंच-डायचं. उपनगरांत औषध कंपन्या भरपूर होत्या आणि गोळी दाबणारं यंत्र कुठलंही असो, टूलिंगची मापं ठरलेली: बी टूलिंगच्या पंचाचा दांडा १९ मिलिमीटर, डी टूलिंगचा २५.४. वरचा पंच, खालचा पंच, मध्ये डाय, त्यात पूड. एका दाबात गोळी. यंत्र तासाला हजारो गोळ्या काढतं आणि पंचाच्या तोंडावर कंपनीचं नाव किंवा मधली रेघ उलटी कोरलेली असते.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे चिकटणं. पूड अक्षराच्या पोटात अडकते. 'अ' ची पोकळी असो की इंग्रजी ओ, आधी तिथं पांढरा ठिपका दिसतो, मग गोळीवरचं अक्षर फुटतं, मग मशीन थांबवून पंच काढून पुसावे लागतात. आयबुप्रोफेन यात बदनाम. ते साधारण ७५ ते ७८ अंशांना वितळतं, आणि दाबाखाली पंचाचं तोंड गरम होतं, मग ते मऊ पडून चिकटतं. आम्ही क्रोम करून द्यायचो. काही औषधांना क्रोम बरं पडायचं, काहींना काहीच फरक नाही, आणि अक्षराच्या कडेला क्रोम जाड बसला तर तिथूनच सुटायचा. मग परत स्ट्रिप करा, परत पॉलिश, परत टाकी.

सोनेरी ड्रिल मी पहिल्यांदा नागदेवी स्ट्रीटला पाहिलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला एका दुकानदारानं कागदाच्या पुडीतून काढून दाखवलं, बाहेरून आलेलं होतं. मी पितळी समजलो. तो म्हणाला, "अहो, टायटॅनियमचं पाणी आहे." पाणीच म्हणाला. टायटॅनियम नायट्राइडचा तो दोन-तीन मायक्रॉनचा थर होता.

त्याच्या मागचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण हत्यारांची कथा आमच्या गल्लीत सुरू झाली नव्हती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांनी हायस्पीड स्टीलचं हत्यार लाल होईपर्यंत चालवून दाखवलं. १९२३ मध्ये जर्मनीत ऑस्राम कंपनीच्या कार्ल श्रोटरनं टंगस्टन कार्बाइड कोबाल्टमध्ये बांधलं. क्रुपनं ते विडिया नावानं विकायला काढलं, जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हिऱ्यासारखं'. आपल्याकडं कार्बाइडच्या कुठल्याही टिपला कामगार 'विडिया' म्हणतात ते तिथून. १९६९ च्या सुमारास कार्बाइडच्या टिपवर टायटॅनियम कार्बाइडचा थर वायूतून चढवणं बाजारात आलं, पण त्याला हजार अंशांची भट्टी लागायची. पोलाद एवढं तापवलं तर त्याला दिलेलं पाणी उतरणार. म्हणून पोलादी ड्रिल कोरंच राहिलं. १९८० च्या आसपास निर्वात पेटीत साडेचारशे अंशांच्या आसपास कोटिंग करणं जमलं, आणि ड्रिलं सोनेरी झाली.

हा साडेचारशेचा आकडा मी महागात शिकलो.

१९९३ साली मी एका कुलूपवाल्यासाठी पत्रा कापायचे बारा पंच केले. स्टील ओएचएनएस. आमच्या धंद्यात सगळ्यात लाडकं, कारण तेलात कडक होतं, वाकडं होत नाही, खिशाला परवडतं. हार्डन करून दोनशे अंशांना टेम्पर केले, कडकपणा रॉकवेलच्या मापात ६०. गिऱ्हाइकाला सोनेरी कोटिंग हवं होतं. पंच पार्सलनं पुण्याला गेले आणि दहा दिवसांनी आले ते देवाच्या दागिन्यांसारखे. मी एकेक कागदातून सोडवून उन्हात धरून पाहिला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन. दोन हजार ठोक्यांत पंचांची कड गोल झाली होती. जाऊन बघतो तर सोनेरी थर अंड्याचं कवच तडकावं तसा तडकलेला आणि खाली पोलाद दबलेलं. शेजारच्या गाळ्यातल्या रॉकवेल मशीनवर काटा ४८ वर थांबला. दोन मायक्रॉनचा थर त्या टेस्टला जाणवतही नाही, तिचा हिरा थेट आतल्या पोलादात जातो. म्हणजे आतलं पोलादच मऊ झालं होतं. दोनशेला टेम्पर केलेलं पोलाद साडेचारशेच्या पेटीत तासन्‌तास बसलं होतं. घिसाड्याचा जांभळा रंग केव्हाच मागं पडून निळ्याच्याही पुढं गेला होता, फक्त वर सोनं असल्यामुळं कुणाला दिसला नव्हता. चलानवर मी लिहिलं होतं: 'पंच, हार्डन केलेले, नग १२.' स्टील कोणतं आणि टेम्परिंग किती, हे मी लिहिलं नाही, त्यांनी विचारलं नाही. बाराच्या बारा पंच मी पदरच्या पैशांनी परत केले, यावेळी हायस्पीड स्टीलमध्ये. त्याचं टेम्परिंगच साडेपाचशेला होतं, त्याला साडेचारशेची भीती नाही.

काळं कोटिंग आमच्याकडं आलं ते २००१ मध्ये. डीएलसी. डायमंड-लाइक कार्बन, हिऱ्याजोगा कार्बन. ते कसं चढतं हे बघायला मी स्वतः कोटिंगवाल्याकडं गेलो, पुन्हा कागदावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून. पिंपासारखी पोलादी पेटी, आतली हवा काढून घेतलेली. जॉब एका झाडावर टांगलेले आणि झाड सावकाश फिरतंय. आधी आर्गॉनच्या आयनांचा मारा, म्हणजे उरलासुरला मळ निघून जातो. मग क्रोमियमचा पातळ हात, वरचं नीट धरावं म्हणून. आणि मग वायू सोडला. मी सिलिंडरकडं पाहिलं आणि उभाच राहिलो. अ‍ॅसिटिलीन होतं ते.

गॅस वेल्डिंग पाहिलेल्या कुणालाही हा वायू माहीत आहे. वेल्डर टॉर्च पेटवतो तेव्हा ऑक्सिजन उघडायच्या आधी क्षणभर नुसतं अ‍ॅसिटिलीन जळतं. पिवळी धुरकट ज्योत, आणि तिच्यातून काजळीच्या काळ्या तारा सुटतात, हवेत तरंगत गाळाभर फिरतात, डब्यावर, केसांवर, भाकरीवर बसतात. पंचवीस वर्षं मी ती काजळी झटकत आलो होतो. तोच वायू निर्वातात विजेच्या झगमगाटात फुटला आणि त्याचे कण जोरानं जॉबवर आदळले की काजळीऐवजी काचेसारखा कडक काळा थर बसतो. जर्मनीत श्मेलेनमायर यांना १९५३ सालीच अ‍ॅसिटिलीनच्या विद्युतविसर्जनात असा कठीण थर दिसला होता. 'डायमंड-लाइक' हा शब्द रूढ झाला तो १९७१ मध्ये, अमेरिकेत आयझेनबर्ग आणि शॅबो यांनी आयनांच्या झोतानं हा थर बसवून दाखवला तेव्हा. कार्बनचा अणू शेजाऱ्यांचे हात दोन तऱ्हांनी धरतो. तीन हात एका पातळीत धरले की पेन्सिलीतलं ग्राफाइट, चार दिशांना चार धरले की हिरा. डीएलसीत दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या आणि नीट रांगा नाहीत. म्हणून त्याला हिऱ्याचा कडकपणा थोडा मिळाला आणि ग्राफाइटचा गुळगुळीतपणा बराच.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो पेटीवरचा तापमानाचा आकडा: दोनशेच्या खाली. ज्या आकड्यानं माझे बारा पंच गेले, त्याच्या निम्म्याहून कमी. काकांनी पेटीत पुरून कार्बन मुरवलेले जॉब, कमी तापमानाला टेम्पर केलेलं ओएचएनएस, एचसीएचसी यांसारखं टूल स्टील, सगळ्यांना हे कोटिंग चालणार होतं. म्हणजे पोलादाच्या आत मुरलेला कार्बन आणि वरून चढवलेला कार्बन एकाच जॉबवर नांदू शकत होते.

यातल्या जाती सांगतो. हायड्रोजन मिसळलेला साधा डीएलसी विकर्सच्या मापात दीड ते तीन हजार, दोन-तीन मायक्रॉन जाड. पोलादावर घासला तर घर्षणांक ०.१ च्या आसपास. सोनेरी नायट्राइडचा ०.४ च्या पुढं जातो, जरी ते तेवीसशे कडक आहे. गोळ्यांच्या पंचाला, इंजेक्शन मोल्डच्या पिनांना, डिझेलच्या इंजेक्टरला हा. दुसरी जात टीए-सी, हायड्रोजनशिवायची, घन ग्राफाइटवर विजेचा चाप मारून बनवलेली, हिऱ्याच्या पद्धतीचे बंध ऐंशी टक्क्यांपर्यंत, चार-पाच हजार विकर्स. ही पातळच बसवावी लागते, कारण थराच्या आत ताण इतका की जाड केली तर आपली आपणच सुटते. अ‍ॅल्युमिनियम कापणाऱ्या हत्यारांना ती उत्तम. १९९८ च्या जिलेट मॅक थ्री पात्यांवरही डीएलसीचा थर होता, म्हणजे रोजची दाढीही या कथेत आहे. आणि शेवटी खराखुरा हिरा, वायूतून वाढवलेला, आठ ते दहा हजार विकर्स. नावांचा घोळ एवढा माजला की २०१७ मध्ये आयएसओला कार्बनच्या थरांच्या वर्गवारीचं स्वतंत्र मानक काढावं लागलं.

आता कुणी म्हणेल, दहा हजारवाला घ्या की सगळ्यात चांगला. हिऱ्यानं पोलाद कापून पाहा. तापलेल्या लोखंडाला कार्बनची भूक असते, ते हिरा खाऊन टाकतं. काकांच्या पेटीत ज्या भुकेनं कोळसा पोलादात शिरायचा, तीच ही भूक. डीएलसीचं दुखणं वेगळं. तीनशे-साडेतीनशे अंशांपुढं त्याचं ग्राफाइट व्हायला लागतं, आणि ड्रिलची कड पोलादात त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून पोलाद कापायला आजही टायटॅनियमची घराणी, कार्बोनायट्राइड किंवा अ‍ॅल्युमिनियम मिसळलेली. काळं कोटिंग तिथं लावणं म्हणजे पैसे जाळणं.

हवासुद्धा यात भाग घेते. ग्राफाइट घसरायला हवेतला ओलावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं उंच, कोरड्या हवेत गेली आणि जनरेटरचे कार्बन ब्रश भुगा होऊन गेले, तेव्हा हे लक्षात आलं. हायड्रोजनवाला डीएलसी याच्या उलट, कोरड्यात जास्त गुळगुळीत. टीए-सी मात्र ग्राफाइटच्या बाजूची, तिला दमट हवा मानवते. आपल्या जुलैच्या हवेत ती खूश असते. पण औषध कंपनीच्या कॉम्प्रेशन रूममध्ये हवा कोरडी केलेली असते, हे विसरून चालत नाही.

हिऱ्याचं कोटिंग मी एकाच कामाला वापरलं, पण त्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. स्पार्क मशीनचे इलेक्ट्रोड ग्राफाइटचे करतात. ग्राफाइट हाताला मऊ लागतं, पण साधं कार्बाइडचं कटर त्यात एक दिवस पुरत नसे. ते काळं पीठ कड घासून टाकतं, सगळा गाळा काळा होतो, रुमाल नाकाला बांधूनही थुंकी काळी. हिरा चढवलेलं कटर तेच काम आठवडेच्या आठवडे करायचं. एका कार्बननं दुसरा कार्बन कापायचा. हे चढवणं जिकिरीचं: हायड्रोजनमध्ये जेमतेम एक टक्का मिथेन, दोन हजार अंशांच्या वर तापलेली टंगस्टनची तार, खाली कटर आठशेच्या आसपास, आणि तासाला मायक्रॉनभर वाढ. ही तारेची पद्धत १९८२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी जमवली. कार्बाइडमधला कोबाल्ट हिऱ्याला बसू देत नाही, त्याचं ग्राफाइट करून टाकतो. म्हणून वरचा कोबाल्ट आधी रसायनानं काढून टाकतात. इथंही पुन्हा तेच: वरच्या थराची गोष्ट खालच्या पदार्थापाशी जाऊन थांबते.

खालच्या पदार्थाबद्दल आमच्या गाळ्यात सगळ्यात जास्त कळायचं ते पॉलिश करणाऱ्या ताईंना. त्या असल्फ्याहून चालत यायच्या. पंचाच्या तोंडावरची अक्षरं लाकडाच्या टोकदार काडीला डायमंड पेस्ट लावून आतून घासायच्या, नऊ मायक्रॉनची पेस्ट, मग तीन, मग एक. दर पेस्टला वेगळी काडी, वेगळी चिंधी. आधीच्या पेस्टचा एक कण पुढच्या चिंधीत आला तर रेघ ओढली जाते. कोटिंग दोन मायक्रॉनचं, त्यामुळं खालची रेघ ते झाकत नाही, उलट काळ्या आरशात ती जास्त दिसते, आणि त्याच रेघेत पूड अडकते. डीएलसी केलेले पंच परत आले की मी आधी ताईंकडं द्यायचो. त्या खिडकीशी जाऊन, भिंग डोळ्याला लावून, पंच बोटांत गरकन फिरवायच्या आणि म्हणायच्या, "सहा नंबरला 'आर'च्या पोटात रेघ आहे, दादा. ती माझीच." कोटिंगवाल्याच्या मायक्रोस्कोपला जे दिसलं नव्हतं ते त्यांना उजेडात दिसायचं. पेपरांत, परिषदांत यंत्रांची नावं येतात. आमच्या उपनगरातला डीएलसी टिकला त्यात या बोटांचा वाटा यंत्राएवढाच होता, आणि तो कुठंही नोंदलेला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घामाचंही तसंच. काही माणसांच्या हाताच्या घामानं पोलादावर रात्रीत तांबूस ठसा उमटतो. तो ठसा पुसला तरी मीठ राहतं, आणि त्यावर कोटिंग धरत नाही. पावसाळ्यात पॉलिश झालेला पंच हातमोज्याशिवाय कुणी उचलायचा नाही, तेलकागदात गुंडाळून त्याच दिवशी पाठवायचा.

कोणतं कोटिंग पाणी किती अडवतं, याची सगळ्यात मोठी परीक्षा आमच्या गाळ्यात कुणीही न ठरवता झाली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी सफेद पुलापाशी रस्त्यावर, गाळ्यात छातीपर्यंत पाणी. तिसऱ्या दिवशी शटर उचललं तेव्हा आत चिखलाचा थर आणि डिझेलचा वास. ग्राइंडरचे बेड गेले, मोटारी गेल्या. कपाटातले पंच मी एकेक धुऊन ओळीनं मांडले. कोरं एचसीएचसी सबंध तपकिरी. हार्ड क्रोमवर भेगांच्या जाळीतून गंज वर आलेला, जणू कुणी लाल पेननं नकाशा काढलाय. सोनेरी पंचांवर सुईच्या टोकाएवढे तांबडे ठिपके. काळ्या पंचांवरही ठिपके होते, पण मोजता येतील एवढे; एका पंचावर चार, एकावर एकही नाही. ज्यावर एकही नव्हता तो ताईंनी घासलेला होता. ज्यावर चार होते त्यांच्या जागा भिंगाखाली पाहिल्या तर प्रत्येक ठिपक्याच्या पोटात पॉलिशच्या वेळी उरलेला बारीक खड्डा.

क्रोम असतं तर आम्लात उतरवून परत चढवलं असतं. डीएलसी आम्लाला दाद देत नाही. त्याला ऑक्सिजनच्या प्लाझ्मात जाळावं लागतं, शेवटी कार्बनच तो. ते करून घेण्याएवढे पैसे त्या वर्षी नव्हते. ठिपकेवाले पंच मी तसेच जपून ठेवले.

२०११ मध्ये गाळ्याचं भाडं झेपेना म्हणून आम्ही वसईला सातिवलीला गेलो, आमच्या गल्लीतले बरेच जण वालीव-सातिवलीकडं आधीच गेले होते. आग्रा रोडवरच्या कारखान्यांच्या जागी इमारती आणि मॉल आले. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका अशी गल्ल्यांच्या डोक्यावरून. काकांची भट्टी त्याआधीच विझली होती. त्यांच्या पेटीची झाकणं त्यांच्या मुलानं भंगारात दिली, एक मी मागून घेतलं.

धंदा आता माझा पुतण्या बघतो. मागच्या पावसाळ्यात त्यानं पन्नास पंच डीएलसीला काढले आणि चलान लिहून माझ्यापुढं धरलं, "काका, सही." मी बघितलं. नगाच्या आधी त्यानं दोन रकाने आखले होते, मी १९९३ नंतर प्रत्येक चलानवर हातानं आखत आलो तसेच. पहिल्यात लिहिलं होतं: एचसीएचसी. दुसऱ्यात: टेम्परिंग २०० अंश. खाली रेघ मारून: कोटिंगचं तापमान १८० च्या वर जाऊ देऊ नये. मी सही केली, आणि तो तेलकागदातली पेटी घेऊन टेम्पोकडं गेला.